पडवीतली वांडा आणि आंब्यावरची सीतेची वेणी: किनाऱ्यावरच्या टांगत्या ऑर्किडचं एक प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यात समुद्राला लागून असलेलं एक गाव. चिऱ्याचं कौलारू घर, पूर्वेला तोंड, म्हणजे समुद्राकडे पाठ. पुढे पडवी, पडवीपुढे खळं, खळ्याच्या कडेला जुना आंबा. मागे माड-पोफळीची बाग आणि त्या बागेत विहीर. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. अख्खा गाव त्यांना बाई म्हणतो, म्हणून इथेही बाईच.

निवृत्तीनंतर बाईंनी ऑर्किड लावायला घेतली. डिसेंबरात रोपं आली: बारा वांडा, दहा डेन्ड्रोबियम, सहा फॅलेनॉप्सिस. वांडा लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत, आत काहीही न भरता, मुळं मोकळी लोंबत. डेन्ड्रोबियम प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्यांत, नारळाची सोडणं भरून. फॅलेनॉप्सिस मात्र आलं तसंच ठेवलं, शेवाळात घट्ट दाबलेल्या पारदर्शक कुंडीत, आणि ती कुंडीच टोपलीत बसवून टांगली. वांडा आणि डेन्ड्रोबियम पडवीच्या बाहेरच्या कडेला, बरोबर छपराच्या टोकाखाली. फॅलेनॉप्सिसला ऊन सोसत नाही एवढं बाईंनी वाचलं होतं, म्हणून ती आतल्या ओळीत, दक्षिणेच्या कोपऱ्यात.

घरात आणखी एक ऑर्किड होतं, पण ते कोणाच्या मोजदादीत नव्हतं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा खळ्यातल्या आंब्याची एक फांदी मोडली. तिच्यावर सीतेची वेणी होती. बाईंनी फांदीचा तेवढा तुकडा कापून घेतला आणि उरलेल्या आंब्यालाच सुंभाने बांधून ठेवला. त्यानंतर तिच्याकडे कोणी बघितलं नाही. दर वर्षी मे-जूनच्या सुमाराला तिचा घोस लोंबतो, तेवढ्यापुरतं कौतुक होतं.

विकतच्या रोपांचा पहिला ऑगस्ट आला तेव्हा मला बोलावणं आलं. वांडांपैकी दोन शेंड्यातून सडून गेल्या होत्या आणि उरलेल्या दहांची निम्मी जुनी मुळं मेलेली होती. डेन्ड्रोबियमची चार रोपं गेली होती. फॅलेनॉप्सिसचं एकच शिल्लक होतं, तेही शेंड्याशिवाय. बाईंनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. ‘इथे हवा दमट, पाऊस धो धो, झाडाझाडावर बांडगुळं वाढतात. मग हीच का मरतात?’

सीतेची वेणी बांडगूळ नव्हे. ती झाडाचा रस शोषत नाही, फांदीचा नुसता आधार घेते. पण आमच्याकडे झाडावर वाढणारं ते सगळं बांडगूळ, आणि या प्रकरणात त्या गैरसमजाचा फायदाच झाला. तो कसा, ते पुढे येईल.

कॅलेंडरातल्या नोंदी

बाईंची शाळेतली शिस्त इथे कामाला आली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांबरोबर रोपांच्याही नोंदी होत्या. जानेवारीअखेर: ‘वांडाला नवी मुळं’. फेब्रुवारी: ‘डेन्ड्रो. दोन दांडे’ (फुलांचे). मार्चच्या मध्याला: ‘मुळांची हिरवी टोकं दिसत नाहीत’. एप्रिल: ‘टोकं काळी. पाणी वाढवलं. १९:१९:१९ आठवड्याला एक चमचा’ (हे विद्राव्य खत). मे: ‘वांडाची खालची पानं पिवळी, वरची दुमडतात. पाणी तीनदा’. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, लाल शाईने: ‘नवी टोकं, हिरवी!’ आणि मग जुलै: ‘फॅले. मधलं पान हातात आलं’, ‘डेन्ड्रो. कोंब काळे, वास’, ‘तात्याकडून बोर्डो मारून घेतला’ (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक).

बाईंच्या आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांच्या मनात ही एकच लांबलेली आजारपणाची गोष्ट होती. बुरशी लागली, ती उन्हाळ्यात सुरू झाली, पावसाळ्यात बळावली, असं. औषधंही त्याच समजुतीने दिली गेली. पण लाल शाईची ती नोंद या गोष्टीत बसत नाही. जूनमध्ये कोणतंही औषध न देता वांडा सुधारल्या होत्या. पाऊस पडला आणि तीन आठवड्यांत मेलेल्या टोकांच्या मागून नवी मुळं फुटली. बुरशीला पाऊस मानवतो, तो तिचा इलाज कसा होईल? म्हणजे मार्च ते मे एक दुखणं होतं, ते पावसाने बरं केलं. जुलैत दुसरं सुरू झालं, ते पावसानेच आणलं. एकदा ही दोन वेगळी केली की पुढचा गुंता बराचसा सुटतो.

उन्हाळ्यातलं दुखणं

संशयित चार: ऊन, खारा वारा, खत, पाणी.

उन्हाचा मार पानाच्या वरच्या बाजूला दिसतो. आधी फिकट डाग पडतो, मग तो कागदासारखा वाळतो. इथे पानांवर तसा एकही डाग नव्हता. पडवी पूर्वेची, दहा-साडेदहानंतर तिथे सावलीच. खारा वारा येतो पश्चिमेकडून, आणि पडवीला घराची आड आहे. आंबा मात्र घराच्या उत्तरेच्या अंगाला थोडा पुढे आलेला, दुपारचा वारा त्याला थेट लागतो. त्याच्या समुद्राकडच्या पानांच्या कडा मेमध्ये करपतात. त्याच आंब्यावरची सीतेची वेणी तेवढ्यात फुलत होती. वारा गुन्हेगार असता तर पहिली तीच गेली असती.

तिला पाणी कोण घालतं, असं मी विचारलं. पोफळीवर चढायला येणारे तात्या तिथेच बसले होते. ते हसले. ‘बांडगुळाक कोण पाणी घालता?’

ज्या रोपाला विहिरीचं पाणी कधी मिळालं नाही, ते घरातलं सगळ्यात धडधाकट रोप होतं. यावरून लगेच निकाल देता येत नाही, कारण सीतेची वेणी इथलीच, आणि पाण्यावाचून उन्हाळा काढायची तिला सवय आहे. पण पुढे कुठे बघायचं ते कळलं. फॅलेनॉप्सिसच्या रिकाम्या कुंड्या अजून कोपऱ्यात होत्या. त्या आतल्या ओळीतल्या, म्हणून पावसाने धुतल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या कडांवर पांढरा खरखरीत थर होता. बाईंनी जिभेला लावून बघितला (मी सांगितलं नव्हतं) आणि म्हणाल्या, ‘मीठ.’

किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात हे इथे पोराटोरांनाही माहीत असतं. गोड्या पाण्याची पातळी उतरते, उपसा चालू राहतो आणि खाली समुद्राचं पाणी आत सरकतं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या पाण्यात त्याचा शंभरावा भाग मिसळला तरी लिटरमागे ३५० मिलिग्रॅम वाढले. एवढ्याने जिभेला जेमतेम कळेल, माडाला तर पर्वाच नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. वांडाचा हिशेब याहून कडक. तिला रोज द्यायचं पाणी २०० च्या आत असावं असं मी धरतो.

याचं कारण मुळात आहे. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळाभोवती मृत पेशींचा पांढरा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. तो टीपकागदासारखा पाणी ओढून घेतो. कोरडं मूळ रुपेरी दिसतं आणि ओलं होताच हिरवं, कारण ओल्या थरातून आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. वाढतं टोक तेवढं या थराबाहेर असतं, उघडं. आता रिकाम्या टोपलीत लोंबणाऱ्या मुळावर मचूळ पाणी शिंपडलं की तासाभरात पाणी उडून जातं आणि क्षार थरात राहतात. संध्याकाळी पुन्हा तेच. कुंडीतल्या झाडाला भरपूर पाणी देऊन माती धुऊन काढता येते. इथे शिंपडणंच मोजकं, धुतलं काहीच जात नाही. थरातला खारटपणा वाढत जातो, उघडं टोक आधी करपतं आणि पुढे मूळ उलट झाडातलंच पाणी गमावू लागतं. पानं दुमडतात. बघणाऱ्याला वाटतं, तहान लागली. तो पाणी वाढवतो. बाईंनी ते दिवसातून तीनदा केलं म्हणजे मीठही तीनदा दिलं.

वर खत. चहाचा चमचाभर १९:१९:१९ म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, एका लिटरात. ते पूर्ण विरघळतं, म्हणजे जवळजवळ ५००० मिलिग्रॅम क्षार. भाजीपाल्यावर फवारणीला असं प्रमाण वापरतात आणि खताच्या दुकानात तेच सांगतात. ऑर्किडला लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं, तेही पाणी गोडं असेल तेव्हा आणि नवी मुळं चालू असतील तेव्हाच. टोकं बंद झालेल्या रोपाला खत घालण्यात अर्थ नसतो. घ्यायला तोंडच उघडं नसतं.

क्षार मोजायचं पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतं. ऑगस्टात विहिरीचं पाणी १३० च्या आसपास निघालं, अगदी चांगलं. बाईंना वाटलं, संशय फोल ठरला. पण पावसाने भरलेल्या विहिरीची ऑगस्टातली परीक्षा मेची साक्ष देत नाही. पाण्याचा निकाल पुढच्या उन्हाळ्यावर सोडावा लागला.

जुलैतलं दुखणं

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पावसाने ऑर्किड सडणारच, असं पुष्कळ जण मानतात. मग आंबोलीला काय म्हणायचं? तिथे याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि झाडांची खोडं ऑर्किडनी भरलेली असतात. झाडावर पाणी थांबत नाही, मुळांना सगळ्या बाजूंनी वारा लागतो, सर थांबली की पाण्याचा निचरा केव्हाच झालेला असतो. बाईंच्या पडवीत या तिन्ही गोष्टींचं उलटं होतं.

आधी पागोळी. छपराचा उतार पाच मीटर लांब धरा. कडेच्या प्रत्येक फुटावर मागच्या दीड चौरस मीटर छपराचं पाणी येतं. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, जुलैत तो पडतोच, तर एका फुटाला १५० लिटर. मोकळ्या आभाळाखालच्या फूटभर टोपलीवर त्याच दिवशी नऊ-साडेनऊ लिटर पडतात. म्हणजे छपराच्या टोकाखाली टांगलेल्या टोपल्यांनी एका पावसाळ्यात जवळजवळ सोळा पावसाळे सोसले. कौलांच्या पन्हळीतून ते पाणी धार धरून एकाच जागी पडतं आणि येताना कौलांवरचं शेवाळ, पालापाचोळा, उंदरांची लेंडं, सगळं घेऊन येतं. गेलेल्या दोन्ही वांडांचा शेंडा नेमका पन्हळीखाली होता. ओळीतल्या बाकीच्या दहा, चार बोटं इकडेतिकडे असल्यामुळे, वाचल्या.

मग सोडणं. नारळाचं सोडण फुकट मिळतं, पाणी धरतं, आणि कोरड्या गावात ते उत्तमच. पण कोकणच्या पावसात ते फुगतं, मऊ होतं आणि एका पावसाळ्यातच कुजू लागतं. टोपलीला जाळी असून उपयोग नाही, मधला गोळा ओलाच. मेलेली चारही डेन्ड्रोबियम उपटून बघितली तर कडेची मुळं बरी होती आणि मधली बोटाने सोलली जात होती.

तिसरी गोष्ट हवा. पावसाळ्याआधी, आगोटीच्या कामांत, पडवीच्या दक्षिण टोकाला ताडपत्री बांधली होती, कारण तिथे चुलीची लाकडं रचलेली असतात. फॅलेनॉप्सिस त्या ताडपत्रीच्या आडोशाला. शेवाळ ओलं, हवा कोंडलेली, आणि सवयीने रोज सकाळी शिंपडलेलं पाणी शेंड्याच्या वाटीत रात्रभर साचलेलं. जुलैत आठवडाभरात पाच रोपं गेली याचं नवल वाटत नाही. एक वाचलं याचं वाटतं.

सड दोन प्रकारची होती, आणि औषधाच्या दृष्टीने हा फरक जाणायला हवा. डेन्ड्रोबियमचे कोंब मऊ होऊन वास मारत होते. ती जिवाणूंची सड. फॅलेनॉप्सिसचा आणि वांडांचा काळा डाग वासाशिवाय झपाट्याने खाली उतरला. ते काम फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचं, पोफळीला कोळेरोग आणणाऱ्या कुळातलंच. याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहतात, उडालेल्या थेंबाबरोबर वर चढतात. घरात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी होती आणि ती दोनदा वापरून झाली होती. फायटोफ्थोरावर ती चालत नाही. तो खऱ्या बुरशीच्या गटातलाच नव्हे. त्याला मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम लागतं, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत. जिवाणूंच्या सडीवर यातलं काहीच चालत नाही. तिथे धारदार, ज्योतीवर धरलेल्या पात्याने निरोगी भागापर्यंत कापायचं, पानाच्या कापावर दालचिनीची पूड दाबायची (मुळांना नाही, ती मुळं वाळवते) आणि कोरडं टांगायचं.

बोर्डोबद्दल तात्यांवर राग काढू नये. पोफळीवर एक टक्का बोर्डो मृगाआधी मारला तर तो कोळेरोगाला रोखतो, हा बागायतदारांचा पिढ्यांचा अनुभव आहे. पंपात उरलेलं औषध बाईंच्याच सांगण्यावरून टोपल्यांवर गेलं. पण त्यातलं तांबं डेन्ड्रोबियमच्या कोवळ्या भागाला सोसत नाही. वाचलेल्या सहापैकी दोघांच्या पानांवर जे काळे ठिपके होते ते सगळे पंपाच्या बाजूला होते, कोरडे, आणि पुढच्या दोन आठवड्यांत एकही वाढला नाही. रोग तसा वागत नाही. ती दोन्ही रोपं फेकायच्या यादीत होती, ती राहिली.

टोपल्या हलल्या

ऑर्किडवरचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या शहरांसाठी असतात. पाण्याचा ट्रे ठेवा, आर्द्रता वाढवा, शेवाळ गुंडाळा. किनाऱ्यावर वर्षातले आठ महिने यातलं काही लागत नाही, आणि जुलैत तर तेच मारक ठरतं. इथे बघायचं ते एवढंच की भिजलेलं मूळ किती वेळात पुन्हा रुपेरी होतं. मार्चमध्ये, मतलई वारा दुपारपर्यंत रेंगाळतो आणि समुद्राची झुळूक उशिरा येते त्या दिवसांत, अर्ध्या तासात. जुलैत छपराच्या कडेला, कधीच नाही. एका जागी वर्षभर टांगलेल्या टोपलीला ही दोन्ही टोकं सोसावी लागतात. टोपलीचा खरा फायदा हा की ती आकड्यावरून काढून दुसरीकडे अडकवता येते, आणि नेमका तोच कोणी घेत नाही.

बाईंची मांडणी आम्ही उलटी केली. पावसाळ्यात वांडा घरात घ्याव्यात असं त्यांचं मत होतं. त्या खळ्यात गेल्या, मोकळ्या आभाळाखाली, लोखंडी नळ्यांच्या घोडीवर, वर ५० टक्क्यांचं शेडनेट. एका बाजूची साखळी दोन कड्यांनी आखूड केली, म्हणजे रोप कलतं राहतं आणि शेंड्यात पाणी थांबत नाही. डेन्ड्रोबियम सोडणांतून काढून कौलांच्या सुपारीएवढ्या तुकड्यांत आणि लोणारी कोळशात बसवली आणि पडवीच्या कडेपासून हात-दीड हात आत टांगली. पागोळी नाही, तुषार नाहीत, वारा मात्र आरपार. भर पावसात त्यांना वरून पाणी द्यायचंच नाही, हे बाईंना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘रोज सकाळी हातात झारी येते, काय करू?’ ताडपत्री त्यांनी काढली नाही. लाकडं भिजतील म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मग फक्त टोपल्या तिथून हलल्या.

नवरात्रानंतर सगळी उजेडाला. वांडाला तीस-चाळीस हजार लक्स उजेड लागतो, फॅलेनॉप्सिसला दहा-पंधरा हजार पुरतो. भर दुपारचं कोकणातलं ऊन लाखाच्या घरातलं. बाईंनी उजेड मोजायचं मीटर वगैरे घेतलं नाही. वांडाची पानं गर्द हिरवी झाली की उजेड कमी, पिवळटसर झाली की जास्त, एवढ्यावर भागलं. मार्चच्या मध्यापासून वांडा परत पडवीत.

आणि पाणी. दहा वांडांना प्रत्येकी पाव लिटर, दिवसातून दोनदा, म्हणजे पाच लिटर. मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंत सव्वाचारशे लिटर. छपराच्या फक्त दहा चौरस मीटर भागाचं पाणी वळवलं तर १०० मिलिमीटरच्या एका दिवसात हजार लिटरची टाकी भरते. पहिले काही पाऊस सोडून द्यायचे, छप्पर धुऊ द्यायचं, मग पन्हळ टाकीला जोडायची. टाकी काळी, झाकणबंद, तोंडाला कापड. डास नकोत आणि शेवाळ नको. रोपं बादलीत बुडवून काढायची पद्धत सोपी आणि पाणी वाचवणारी, पण एकाची सड सगळ्यांना वाटायचीही तीच वाट. म्हणून हातपंपाने फवारा, सकाळी एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा. रात्री मुळं आणि पानं कोरडी हवीत.

दुसरं वर्ष

बाई शिक्षिका, दहाच्या दहा वांडांना टाकीचं पाणी द्यायला त्यांनी सुरुवातीला नकार दिला. चार टाकीवर, सहा विहिरीवर, खत कोणालाच नाही, जागा एकच. असं केल्याशिवाय दोष पाण्याचा की जागेचा हे कळणार नाही, हे त्यांचंच म्हणणं. मार्चअखेर फरक नव्हता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीवरच्या सहांची टोकं एकामागून एक बंद होऊ लागली आणि टाकीवरच्या चारांची इंचाइंचाने वाढत होती. मेच्या सुरुवातीला विहिरीचं पाणी मोजलं तेव्हा आकडा ७६० च्या पुढे होता, टाकीचा ३० च्या आत. ‘प्रयोग पुरे’ म्हणून बाईंनी सगळ्यांना टाकीचं पाणी सुरू केलं. शास्त्राच्या काटेकोरपणाला ते सोडून असेल, पण रोपं त्यांची होती.

त्या पावसाळ्यात एकही वांडा गेली नाही. डेन्ड्रोबियमचं एक गेलं, त्यातही नव्या कोंबात गोगलगायीने केलेलं भोक होतं आणि सड तिथूनच उतरली. टांगलेल्या टोपलीत गोगलगाय भिंतीवरून साखळीने पोचली होती. उरलेल्या पाचांतल्या तिघांना श्रावणात दांडे आले आणि ते गणपतीच्या मखराला गेले. वांडा ऑक्टोबरात फुलल्या, सगळ्या नव्हेत, चार. त्यातल्या तीन पहिल्यापासून टाकीचं पाणी प्यायलेल्या. चार रोपांवरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही.

फॅलेनॉप्सिसचं ते बिनशेंड्याचं रोप बुडातून पिल्लू काढून पुन्हा उभं राहिलं, पण किनाऱ्यावर ते मनासारखं फुलेल अशी आशा मी दाखवली नाही. फॅलेनॉप्सिसला दांडा धरायला काही आठवडे २५ अंशांखालचा गारवा लागतो. रोज दुपारी तिशी गाठणाऱ्या हवेत ते नुसती पानं काढतं. आमच्याकडे रात्री गार होतात त्या डिसेंबर-जानेवारीत, तेही दुपारी पारा तिशीपार जातोच. दुकानात फुललेली मिळतात ती थंड केलेल्या हरितगृहातून आलेली असतात. बाईंनी ते पुण्याच्या बहिणीकडे पाठवलं आणि त्याच्या जागी तीन डेन्ड्रोबियम आणली. किनाऱ्यावर सुरुवात करणाऱ्याला मीही हेच सांगेन: आधी डेन्ड्रोबियम, मग वांडा, आणि फॅलेनॉप्सिस फुललेलं असेल तेव्हाच बघायला दुसऱ्याच्या घरी जावं.

हे सगळं बघून शेजारपाजारचे लोक जंगलातून सीतेची वेणी ओरबाडून आणू लागले, हा या प्रकरणाचा न मागितलेला परिणाम. जिवंत झाडावरून उपटलेली वेणी मुळं तुटल्यामुळे वर्ष-दोन वर्षं नुसती झुरते, आणि वनक्षेत्रातून काही उचलणं हा गुन्हा आहे. ऑर्किडचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे ते उगाच नाही. मोडून पडलेल्या फांदीवरची, तोडायच्या झाडावरची उचलावी, आणि फांदीसकट बांधावी. बाईंनी तसंच केलं होतं म्हणून तिची मुळं शाबूत राहिली.

राहता राहिलं साखळ्यांचं. जस्ताचा मुलामा दिलेली तार शहरात पाचसहा वर्षं टिकत असेल. खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. दुसऱ्या ऑक्टोबरात फुललेल्या चारांपैकी एक वांडा आकड्यासकट खळ्यात पडली. फुलं गेली, रोप वाचलं. आता घोडीवरचे सगळे आकडे स्टेनलेस स्टीलचे आहेत, आणि साखळ्यांची पाहणी आगोटीच्या कामांत, कौलं शाकारण्याच्या जोडीला, कॅलेंडरवर लिहिलेली आहे.